कंसातलं वाचणारे तांबोळीसाहेब

तांबोळीसाहेबांनी कुठल्याही वाचनात एकही संवाद म्हटला नाही. सात नाटकं त्यांनी मराठीत आणली, त्यांची वाचनं बसवली, आम्हाला एकेका शब्दावरून तासन्‌तास अडकवून ठेवलं, पण स्वतःकडे घेतलं ते फक्त कंसातलं. म्हणजे ‘आई उठते’, ‘बाहेर कुणीतरी हाक मारतं, मुलगी लक्ष देत नाही’, असलं. पुण्यात नाटकाचं अभिवाचन म्हणजे चार खुर्च्या, चार माइक, समोर पाण्याच्या बाटल्या आणि हातात कागद धरून केलेला अभिनय. कंसातल्या सूचना त्यात कुणी वाचत नाही. फार तर सुरुवातीला एकदाच उरकून टाकतात. तांबोळीसाहेब डावीकडच्या टोकाच्या खुर्चीवर बसत आणि प्रत्येक सूचना वाचत. ‘थांबते’ असं त्यांनी वाचलं की आम्ही थांबायचं. किती, तर ते मान वर करेपर्यंत.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून. महापालिकेच्या शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं. हौशी स्पर्धांमधून दोन-तीनदा अभिनयाची बक्षिसंही घेतली होती, त्यामुळे डोक्यात थोडी हवा होती. बिबवेवाडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या जागेत मी पहिलं पान असं काही वाचलं की माझाच गळा भरून आला. दस्तगीर तांबोळी नावाचा तो किडकिडीत, पांढऱ्या स्वच्छ शर्टातला माणूस शांतपणे ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, “छान. आता अभिनय आटोपला असेल, तर वाचू या.”

रिक्षात बसताना मी ठरवलं होतं की या माणसाचं तोंड पुन्हा बघायचं नाही. पुढच्या गुरुवारी चारला मी पुन्हा त्यांच्या दारात उभी होते. का, ते आजही नीट सांगता येणार नाही. शाळेत मला सगळे घाबरून असत आणि घरी सगळे सांभाळून घेत. इतक्या आदबीने माझा अपमान बऱ्याच वर्षांत कुणी केला नव्हता.

ते खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते. तयार झालेला नग मापात आहे की नाही ते बघायचं आणि पास किंवा नापास करायचं, एवढंच काम, चौतीस वर्षं. आमच्या वाचनाबद्दल कुणी ‘तसं बरं झालं’ म्हणालं की ते म्हणायचे, “‘तसं बरं’ असा शिक्का आमच्याकडे नव्हता.” खडकीच्या क्वार्टर्समध्ये त्यांच्या शेजारी डिसोझाबाई म्हणून एक गोव्याच्या वृद्ध शिक्षिका राहत. त्यांची दृष्टी गेली, तेव्हा तांबोळीसाहेब संध्याकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवू लागले. मग बाईंची पोर्तुगीज प्रार्थनेची पुस्तकं, अर्थ न कळता, नुसती अक्षरं लावून. बाईंना ते उच्चार सहन होईनात, म्हणून त्यांनी यांना पोर्तुगीज शिकवायला घेतलं. आठ वर्षं हा उद्योग चालला. बाई गेल्या तेव्हा त्यांच्या ट्रंकेतलं एक जाड पुस्तक यांच्या वाट्याला आलं. बाईंच्या ब्राझीलमध्ये स्थायिक झालेल्या बहिणीने ते कधीतरी पाठवलं होतं. त्यात सात नाटकं होती.

लेखिका ब्राझीलच्या उत्तरेकडच्या एका कोरड्या, गरीब गावातली. आपल्याकडच्या कुणी तिचं नाव ऐकलेलं नव्हतं आणि ते पूर्ण उच्चारायला पाच शब्द लागत, म्हणून आमच्यात तिचं नाव नुसतं ‘बाई’ पडलं. तांबोळीसाहेब त्यांच्याबद्दल असं बोलत, की वाटावं बाई पलीकडच्या गल्लीत राहतात. “बाईंना उगाच रडलेलं आवडत नाही.” “बाईंनी इथे स्वल्पविराम दिलाय, आपण पूर्णविराम देऊ नका, तेवढी कृपा करा.” भाषांतर करण्यापूर्वी त्यांनी प्रकाशकाच्या पत्त्यावर परवानगी मागणारं पत्र पाठवलं होतं. सहा महिन्यांनी खुद्द बाईंचं पोस्टकार्ड आलं. त्यावर दोनच वाक्यं होती: वाचा. पण सगळं वाचा.

ती दोन वाक्यं हाच त्यांचा कायदा होता. आमच्या गटात मी, पोस्टातून निवृत्त झालेले परांजपे आणि हिंजवडीच्या एका कंपनीतली केतकी, असे तिघं वाचणारे. केतकी कंपनीच्या बसने दीड तास धक्के खात यायची, गुणी पोरगी. तिने एकदा हिय्या करून सुचवलं, “सर, स्टेज डायरेक्शन्स स्किप केल्या तर जरा पेस येईल. लोक बोअर होतात ना.” तांबोळीसाहेबांनी चष्मा काढून पुसला. “लोक संवाद ऐकायला येतात, बाळ. पण माणूस खोटं संवादातच बोलतो. कंसात नाही बोलत.” केतकीने पुन्हा तो विषय काढला नाही, पण हे वाक्य तिने कंपनीतल्या टेबलावर चिकटवून ठेवल्याचं मला नंतर कळलं.

लोक बोअर होत, हे मात्र खरं होतं. वाचनालयाचा वरचा मजला, शाळेचा वर्ग, एका सोसायटीचं पार्किंग, जिथे जागा मिळेल तिथे आम्ही वाचलं. चौदा माणसं आली की परांजपे ‘आज गर्दी आहे’ म्हणायचे. त्यातली चार आमच्या घरची असत. पुण्यातला श्रोता कंटाळला तर उठून जात नाही, तो घड्याळाकडे बघत बसतो. आणि शेवटी येऊन सांगतो की प्रयत्न स्तुत्य आहे. एकाने तांबोळीसाहेबांना विचारलं, एवढ्या लांबची नाटकं कशाला, आपल्याकडे कमी आहेत का? ते म्हणाले, “नाहीत ना. तरी ती सगळी सोडून आपण इथे आलात.” आणखी एक नेहमीचा प्रश्न असे, की तांबोळी आडनाव आणि मराठी इतकं स्वच्छ कसं? याचं उत्तर ठरलेलं होतं: “पुण्यातच मिळतं. आपल्या घरापासून लांब नाही.”

सातव्या नाटकाला त्यांनी चार वर्षं घेतली. ते भाषांतर संपत आलं असताना बाईंच्या गावाहून ईमेल आला. तो माझ्या पत्त्यावर आला, कारण साहेबांना संगणकाचं वावडं होतं. बाई नव्वद वर्षांच्या होत होत्या. त्यांच्या गावच्या नाटकमंडळींनी ठरवलं होतं की त्या वर्षी बाईंची नाटकं परदेशात, तिथल्या लोकांसमोर, तिथल्या भाषेत वाचली जावीत. प्रत्येक ठिकाणच्या वाचनाचं ध्वनिमुद्रण मागवून ते वाढदिवसाच्या आठवड्यात गावच्या नाटकघरात बाईंना ऐकवायचं होतं. बाईंना आता दिसत नव्हतं, ऐकू मात्र चांगलं येत होतं. कुणीतरी जुन्या कागदांत आमच्या साहेबांचं पत्र शोधून काढलं होतं. पुण्याने सातवं नाटक वाचावं अशी विनंती होती. अट एकच: संपूर्ण वाचायचं.

मी तो ईमेल छापून नेला. त्यांनी उभ्याउभ्या वाचला, मग खुर्चीत बसून वाचला, आणि आत जाऊन तोंड धुऊन आले. मी म्हटलं, पण बाईंना मराठीतलं अक्षरही कळणार नाही. “नाही कळणार,” ते म्हणाले. “पण आपण कुठे थांबलो, ते कळेल. स्वतःच्या घराचा जिना माणसाला अंधारातही पायाखाली कळतो.” त्या दिवशी त्यांनी आम्हाला शिरखुर्मा खायला घातला. ईद अजून दोन महिने लांब होती.

नाटक असं आहे. एक आई, एक मुलगी. मुलगा दूर खाणीवर कामाला गेलेला. तो तिथे मेल्याचं मुलीला कळतं, पण ती आईला सांगत नाही. आईला वाचता येत नाही, म्हणून मुलगी भावाच्या नावाने स्वतःच पत्रं लिहिते आणि आईला वाचून दाखवते. दोन वर्षं. शेवटी तिला हे झेपेनासं होतं. ती एक अखेरचं पत्र लिहिते, की मी इथेच लग्न केलंय, सुखात आहे, आता येणं होणार नाही. आई ऐकते, मुलाला आशीर्वाद देते. मुलगी हलकी होऊन निजायला जाते. इथे कुणालाही वाटेल की नाटक संपलं. पण पुढे अकरा पानं आहेत. त्यांत आई एकटीच आहे. ती डब्यातली सगळी पत्रं काढून टेबलावर मांडते आणि मेलेल्या मुलाशी बोलते. तिला पहिल्या पत्रापासून सगळं माहीत होतं. मुलगी पत्रं लिहिण्यावर तगून आहे, हे दिसत होतं, म्हणून ती गप्प राहिली. आई मी वाचणार होते. सबंध आयुष्यात मला इतकी चांगली अकरा पानं कुणी दिली नव्हती.

या वेळी चौदा माणसांवर भागणार नाही, बाईंच्या कानावर भरलेल्या सभागृहाचा श्वास गेला पाहिजे, असं मीच डोक्यात घेतलं. माझ्या ओळखीच्या एका सांस्कृतिक संस्थेचं छानसं सभागृह होतं. अध्यक्ष म्हणाले, जागा देतो, आमचे सभासद येतील, दोनशे माणसं सहज होतील. फक्त कार्यक्रम संस्थेच्या रीतीने होईल. मी आनंदाने हो म्हटलं. साहेब एवढंच म्हणाले, “रीत म्हणजे काय, ते विचारून घ्या.” मी विचारलं नाही. पुण्यात जन्म काढलेल्या बाईने विचारायची गोष्ट होती का ती?

रविवारी सकाळी दहाची वेळ. शुक्रवारी अध्यक्षांनी फोनवर कार्यक्रमपत्रिका वाचून दाखवली. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचं मनोगत, मग वाचन, मग अध्यक्षीय समारोप आणि आभार. साडेबाराला सभागृह रिकामं करायचं, कारण एक वाजता तिथे साखरपुडा होता. आमच्या वाचनाला सगळ्या थांबण्यांसकट दोन तास लागायचे. मी गयावया केली. त्यांनी स्वागतगीत काढून टाकलं आणि फार मोठा त्याग केल्यासारखे बोलले. बाकीच्याला हात लावायला ते तयार नव्हते; पाहुणे कळवून झाले होते, पत्रिका छापून झाली होती. माझा हिशेब काही केल्या बसेना.

तेव्हा मी जे केलं, ते मी सांगून टाकते. शेवटची अकरा पानं काढायची असं मी ठरवलं. परांजपे आणि केतकीला फोन केले. दोघंही म्हणाले, तुम्ही साहेबांना सांगणार असाल तर चालेल. मी सांगते म्हटलं आणि दोघांच्या फायली माझ्याकडे मागवून घेतल्या. मनात मी असा युक्तिवाद करत होते, की मी कापतेय ती माझीच पानं, माझीच भूमिका. यात माझा स्वार्थ कुठे आहे? बाईंच्या कानावर नाटक जाणं महत्त्वाचं. शेवट तसाही होतोच. शाळेत अभ्यासक्रम संपत नसला की शेवटचा धडा मुलांनी घरी वाचावा, असं सांगून मी तीन दशकं पगार घेतला होता. तीच सवय इथेही कामाला आली.

शनिवारी संध्याकाळी मी झेरॉक्सच्या तिन्ही फायली घेऊन त्यांच्या घरी गेले. आमच्या फायली वाचनाच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे जमा करायची पद्धत होती. ते सकाळी घेऊन येत. पानं मी आधीच काढून घरी ठेवली होती. साहेबांची प्रत हाताने लिहिलेल्या वहीची होती, ती त्यांच्यापाशीच असायची. ते शर्टाला इस्त्री करत होते. इस्त्री करता करता बाईंच्या गावातल्या नाटकघराबद्दल सांगत होते, की छत पत्र्याचं आहे, पाऊस आला तर ध्वनिमुद्रण थांबवावं लागेल त्यांना. त्या माणसाला मी इतका बोलका कधी पाहिला नव्हता. मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा साखर हवी आहे का असं विचारून त्यांची मुलगी नसीम मध्ये आली, आणि मला ते बरंच वाटलं. फायली टेबलावर ठेवून मी निघाले. सकाळी सांगू, असं जिना उतरताना ठरवलं.

सकाळी सभागृह खरंच भरलं होतं. पाहुणे एक निवृत्त प्राध्यापक होते. दोन शब्द बोलतो म्हणून उभे राहिले आणि पस्तीस मिनिटं बोलले. ब्राझीलवरून ते फुटबॉलवर आले, फुटबॉलवरून त्यांच्या कॉलेजच्या दिवसांवर. मग तांबोळीसाहेबांकडे हात करून म्हणाले, की मुसलमान असूनही या माणसाने मराठीची अशी सेवा केली. टाळ्या पडल्या. साहेबांनी मान खाली घातली. विंगेत उभं असताना ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “ताई, मला काही सांगायचं राहिलंय का?”

मी म्हटलं, “नाही.”

त्यांनी मान डोलवली आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

आम्ही अकराला सुरू केलं. त्या दिवशी वाचन जमून आलं, हे मान्य करायला हवं. केतकीचा आवाज शेवटच्या पत्राला किंचित कापला आणि दोनशे माणसांत कुणी खोकललंसुद्धा नाही. मी आशीर्वाद दिला. साहेबांनी वाचलं, “मुलगी दिवा मालवून जाते.” परांजप्यांनी फाइल मिटली. केतकीने मिटली. मी मिटली. साडेबाराला पाच मिनिटं कमी होती.

साहेबांनी वहीचं पान उलटलं आणि स्वच्छ आवाजात वाचलं, “आई परत येते. टेबलापाशी बसते. दिवा लावत नाही.”

मग ते थांबले आणि मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझ्यासमोर पान नव्हतं. पाठ होतं मला ते, अकराच्या अकरा पानं पाठ होती. मी तोंड उघडलं असतं तर पुढचं वाक्य आलं असतं. पण अध्यक्ष पहिल्या रांगेतून उठून उभे राहिले होते, मनगटावरचं घड्याळ बोटाने ठोकत होते, आणि मागच्या दारात साखरपुड्याच्या हारांच्या टोपल्या येऊन थांबल्या होत्या. मी खाली बघितलं. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. समारोप झाला, आभार झाले. साहेब वही उघडी ठेवून तसेच बसून होते. एक शालवाला माणूस त्यांना जरा सरकून बसायला सांगत होता, कारण त्याला नवऱ्यामुलाची खुर्ची तिथे ठेवायची होती.

ते मला काही बोलले नाहीत. रागावले असते तर मी रडले असते, माफी मागितली असती, भांडलेही असते. त्यांनी फक्त ध्वनिमुद्रण केतकीकडून मागून घेतलं. पुढच्या गुरुवारी मी गेले तेव्हा चहा झाला, हवापाण्याचं बोलणं झालं. मी म्हटलं, वेळच नव्हता हो, माझा नाइलाज झाला. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “सभागृह वेळेवर रिकामं झालं.”

महिन्याभराने ब्राझीलहून ईमेल आला. पुण्यातलं वाचन होऊ शकलं नाही याचं त्यांना वाईट वाटलं होतं. श्री. तांबोळी यांचं पत्र मिळालं, असं त्यांनी लिहिलं होतं. सोबत वाढदिवसाच्या आठवड्याची यादी होती, अकरा गावांची नावं होती, कुठली कुठली. पुणे नव्हतं. मी तो कागद घेऊन तिरीमिरीत बिबवेवाडीला गेले. म्हटलं, अहो, दोनशे माणसांसमोर झालं ना वाचन? बाई वाट बघत असतील. आपण हे काय केलंत?

“वाचन झालं नाही, ताई. एक समारंभ झाला. त्यात नाटकातलं थोडं वाचलं गेलं.” मग म्हणाले, “त्या पानांशिवाय ते नाटक उलटं होतं. आई फसते. बाईंनी आईला फसू दिलेलं नाही. नव्वदाव्या वर्षी त्यांना हे ऐकवायचं का मी?”

मी म्हटलं, पुन्हा वाचू. इथेच, या खोलीत, चौघं बसून. अजून तीन आठवडे होते. शेवटी ते हो म्हणाले. परांजपे आले, केतकी सुट्टी काढून आली. पण वाचायला बसल्यावर साहेब पहिल्याच सूचनेला थांबले आणि विचारू लागले, समोर कोण आहे? त्या त्या ठिकाणच्या लोकांसमोर वाचायचं, असं बाईंच्या लोकांनी लिहिलं होतं. रिकाम्या खुर्च्यांसमोर केलेलं मुद्रण पाठवून ते वाचन झालं असं म्हणणं त्यांना नापास वाटत होतं. आम्ही सोसायटीत हिंडून माणसं गोळा केली, सात जण कबूल झाले, रविवार ठरला. शुक्रवारी ईमेल आला. वाढदिवसाला नऊ दिवस असताना बाई गेल्या होत्या. मी साहेबांना फोनवर सांगितलं. ते “बरं” म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. रविवारी ते सात जण येऊन बेल वाजवून परत गेले.

त्यानंतर गुरुवार बंद झाले. परांजप्यांना मुलाने बंगळुरूला नेलं, केतकीने नोकरी बदलली. माझं जाणं चालू राहिलं, पण आम्ही नाटकाचं बोलायचो नाही. दीड वर्षाने साहेबांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. उजवा हातही गेला. ते पलंगावर टेकून बसत आणि डाव्या हाताने चादरीची घडी करत राहत, मोडत, पुन्हा करत. नसीमने प्रयोगशाळेतली नोकरी अर्ध्या वेळाची करून घेतली.

एका दुपारी मी ती अकरा पानं पर्समध्ये घालून नेली. वाटलं, निदान त्यांना तरी ऐकवावीत. पलंगाजवळ खुर्ची ओढून मी वाचायला लागले. या वेळी कंसातलंही मलाच वाचावं लागलं. “आई परत येते. टेबलापाशी बसते. दिवा लावत नाही.” मी थांबले, त्यांच्याइतकी थांबले. दुसऱ्या पानाच्या मध्यावर त्यांनी डावा हात उचलला आणि कागदावर ठेवला. मला वाटलं त्यांना काही दाखवायचंय. त्यांनी तो कागद हळूच खाली दाबला आणि मान भिंतीकडे वळवली. पुष्कळ उशीर झाला होता, हे मला त्यांनी तेवढ्यात सांगितलं. मी पानं गोळा केली.

नसीम मला खाली फाटकापर्यंत सोडायला आली. मी तिला म्हटलं, अब्बांनी मला माफ केलं नाही गं. खरं म्हणजे तिने नाही म्हणावं म्हणूनच म्हटलं. ती थोडा वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“मावशी, ते आपल्यावर रागावले नव्हते कधी,” ती म्हणाली. “त्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं. आपण गेल्यावर त्यांनी तिन्ही फायली मोजल्या. अकरा पानं कमी. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता फोन करा मावशींना. म्हणाले, नको, त्यांनी काढलीत तर त्याच लावतील. सकाळपर्यंत लावतील बघ.”

दहा दिवसांनी तांबोळीसाहेब गेले. मयतीला फार माणसं नव्हती.

त्या रविवारी विंगेत त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी नाही म्हणाले होते. तरीसुद्धा ते आत गेले, बसले, आणि मुलगी दिवा मालवून गेल्यावर त्यांनी पान उलटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला वाटलं होतं की हा माणूस गोंधळलाय, याला काय झालं ते कळलेलं नाही. त्यांना सगळं कळलेलं होतं. माझ्या हातात पान नाही हे माहीत असूनही ते माझ्यासाठी थांबले होते.